रायझन ५६०० घ्यावा की ५६००जी?

प्रश्न : घरासाठी नवा डेस्कटॉप असेंबल करून घेत आहोत. एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी हे दोन प्रोसेसर आमच्या अंदाजपत्रकात बसतात. दोन्हींत सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) व बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) आहेत, कमाल वेग दोन्हींचा ४.४ गिगाहर्ट्झ आहे. मूळ वेग मात्र ५६००चा ३.५ आणि ५६००जीचा ३.९. शिवाय ५६००जीमध्ये ग्राफिक्सही आहे. तरीही दुकानदार ५६०० अधिक वेगवान असल्याचे सांगतात, ते कसे? आमचे काम म्हणजे पुस्तिकांची मांडणी, छायाचित्रांची दुरुस्ती आणि मुलाचे गेम. ग्राफिक्स कार्ड या वर्षी घेणे शक्य नाही, पुढच्या वर्षी घेऊ.

उत्तर : दुकानदार सांगतात ते खरे आहे, परंतु ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या संगणकापुरतेच, आणि तुम्ही कार्ड घेणार आहात की नाही हे त्यांनी सर्वांत आधी विचारायला हवे होते. ५६००मध्ये पडद्यावर चित्र पाठवणारा भागच नाही. मदरबोर्डवर एचडीएमआयची जोडणी दिसत असली, तरी कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीही उमटणार नाही. त्यामुळे तुमच्या आजच्या परिस्थितीत ५६०० हा पर्यायच उरत नाही.

आता वेगाविषयी. खोक्यावर छापलेला मूळ वेग हा, ठरलेल्या वीजमर्यादेत राहून जड काम करताना प्रोसेसर निदान किती वेगाने चालेल, याची हमी असते. दोन्हींची ही मर्यादा ६५ वॅट आहे. पंखा चांगला असेल आणि कॅबिनेटमध्ये हवा खेळती असेल, तर प्रत्यक्षात दोन्ही प्रोसेसर मूळ वेगाच्या बऱ्याच वर चालतात, म्हणून ३.५ आणि ३.९ यांतील अंतर रोजच्या वापरात जाणवत नाही. खरा फरक एल-३ कॅशेचा, म्हणजे वारंवार लागणारी माहिती कोअरच्या जवळ ठेवणाऱ्या प्रोसेसरमधल्याच छोट्या, जलद मेमरीचा आहे : ५६००मध्ये ती ३२ एमबी आहे, तर ५६००जीमध्ये १६ एमबी. ५६००मध्ये कोअर एका चिपवर आणि रॅम व इतर जोडण्या सांभाळणारा भाग दुसऱ्या चिपवर असतो. ५६००जीची घडण मुळात लॅपटॉपच्या प्रोसेसरची. तिच्यात कोअर, ग्राफिक्स आणि जोडण्या असे सारे एकाच चिपवर बसवले आहे आणि कॅशे निम्मी ठेवली आहे. हवी ती माहिती कॅशेत सापडली नाही की कोअरला रॅमकडे जावे लागते आणि तेवढा वेळ थांबून राहावे लागते. गेममध्ये असे सतत घडते, म्हणून ताकदवान कार्ड लावल्यावर ५६०० पुढे जातो. सिनेबेंचसारख्या, प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या चाचणीत कॅशेवर फारसा ताण येत नाही, त्यामुळे तिथे दोघांचे गुण जवळजवळ सारखे येतात. तेवढेच आकडे पाहणाऱ्याला हा फरक कळतच नाही. पुस्तिकांच्या मांडणीत तर तुम्हाला दोघांत काहीच वेगळे वाटणार नाही.

म्हणून माझा सल्ला ५६००जी घेण्याचा आहे, मात्र एका अटीवर : रॅम १६ जीबी घ्या आणि ती ८ जीबीच्या दोन स्टिकमध्येच घ्या. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेते. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, तर दोन चॅनेलमध्ये (प्रोसेसर व रॅम यांमधल्या दोन वेगळ्या मार्गांवर) लावलेल्या दोन स्टिक ५१.२ जीबी. पैसे वाचवण्यासाठी एकच स्टिक लावून दिलेले संगणक मी अनेकदा पाहतो, आणि ज्या ग्राफिक्ससाठी हा प्रोसेसर घेतला त्याचीच त्यामुळे उपासमार होते, याचे मला फार वाईट वाटते.

पुढच्या वर्षी कार्ड निवडताना आणखी एक गोष्ट तपासा. ५६००जी पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरशी जोडणाऱ्या मार्गाच्या, ३.० आवृत्तीवर चालतो, ५६०० मात्र ४.० आवृत्तीवर. या मार्गाच्या सोळा लेन (समांतर वाटा) वापरणाऱ्या कार्डाला याने विशेष बाधा येत नाही. परंतु रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चारच लेन वापरते; ३.० आवृत्तीवर त्याला सेकंदाला सुमारे ८ जीबीऐवजी ४ जीबीचीच वाट मिळते आणि स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्याने ती भरली की गेम अडखळू लागतो. ५६००जीसोबत हे कार्ड घेऊ नका. आठ लेनचे मध्यम कार्ड चालेल.

प्रश्न : माझ्याकडे ५६००जी आणि ८ जीबीची एकच स्टिक आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. गेम अडखळतात. ५६०० घेऊन बदल करावा का?

उत्तर : करू नये. कार्डाशिवाय ५६००वर तुमचा संगणक पडद्यावर काहीच दाखवणार नाही. आधी त्याच वेगाची ८ जीबीची दुसरी स्टिक घ्या आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेत दोन स्टिकसाठी सांगितलेल्या खाचांमध्येच दोन्ही बसवा, कारण चुकीच्या खाचांत त्या एकाच चॅनेलवर चालतात. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा डीओसीपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केले आहे का ते पाहा. ते बंद असेल तर ३२००ची रॅम बहुधा २१३३ किंवा २४०० या कमी वेगाने चालत असते. एवढे करूनही गेम अडखळत राहिले, तर पैसे प्रोसेसरवर न घालता कार्डासाठी बाजूला ठेवा.