‘कार्टमध्ये टाका’ दाबल्यावर मेसेज कधी येतो, कधी येत नाही. कुठलं प्लगिन घालू?

कुठलंच घालू नका. हे आधीच लिहून टाकते, कारण थोड्याच वेळात कोणीतरी तुम्हाला तीन प्लगिनांची, म्हणजे साइटला जोडायच्या तयार पुरवण्यांची, नावं सुचवणार आहे.

तुम्ही लिहिलंय की वूकॉमर्सच्या (वर्डप्रेस साइटवर दुकान चालवणाऱ्या प्लगिनच्या) दुकानात वस्तू कार्टमध्ये बरोबर जाते, पण ‘कार्टमध्ये टाकली’ हा मेसेज मनात येईल तेव्हा दिसतो आणि कधी तर भलत्याच पानावर उगवतो. म्हणजे मेसेज तयार होतोय, दाखवताना घोळ होतोय. त्यावर आणखी एक मेसेज बनवणारं प्लगिन घातलंत तर उद्या दोन-दोन दिसतील, नाहीतर आहे तोही जाईल.

‘कधी येतो, कधी नाही’ यात काही गूढ नाही. सगळ्या वस्तूंची यादी दिसते त्या पानावर एजॅक्स चालू असेल तर पान जागचं हलत नाही, वस्तू मागच्या मागे कार्टमध्ये जाते आणि मेसेजची हिरवी पट्टी येतच नाही. बटणाजवळ ‘कार्ट पाहा’ एवढी लिंक उमटते, तीही काही थीमवाल्यांनी (साइटचं रूप बनवणाऱ्यांनी) लपवून ठेवलेली असते. हा बिघाड नव्हे, वूकॉमर्स मुळातच असं आहे. वस्तूच्या स्वतःच्या पानावर मात्र फॉर्म जातो, पान पुन्हा लोड होतं आणि वर पट्टी येते. आता यादीच्या पानावर जावास्क्रिप्ट यायला उशीर झाला की तेच बटण साध्या लिंकसारखं वागतं. पान लोड होतं, पट्टी दिसते. बटण एकच, पण स्क्रिप्ट आधी पोचली की गिऱ्हाईकाचं बोट आधी पोचलं यावर ते कसं वागणार हे ठरतं.

आणि भलत्या पानावर का उगवतो? वूकॉमर्स हे मेसेज गिऱ्हाईकाच्या सेशनमध्ये (त्याच्या त्या भेटीच्या नोंदीत) ठेवतं आणि ते छापायची सोय असलेलं पहिलं पान येईपर्यंत ते तिथेच पडून राहतात. वस्तूच्या पानाच्या टेम्प्लेटमधून (साच्यातून) ती सोय कोणी काढून टाकली असेल, तर मेसेज साचत जातात आणि कार्ट किंवा चेकआऊटला सगळे एकदम बाहेर पडतात.

हे मी छातीठोकपणे लिहितेय, कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात चवथीला (गणेशचतुर्थीला) जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझ्या मावसबहिणीचं गोव्यात सावईवेऱ्याला कुळागर (सुपारी-मसाल्यांची बाग) आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं, मिरी, जायफळ, शिवाय काजू, असं सगळं ती ऑनलाइन विकते. साइट मी करून दिली. बटण दाबलं की वर उजव्या कोपऱ्यात वस्तूच्या फोटोसकट छोटी चौकट यायची, दोनतीन सेकंदांनी जायची. ताईला ती फार आवडायची. चवथ जवळ आली की मुंबई-पुण्याचे गोंयकार मागणी लावतात, तेव्हा भावोजींच्या मनात आलं की साइट ‘फास्ट’ करून घ्यावी. मला न सांगता पणजीचा एक ओळखीचा माणूस आणला. त्याने एक ऑप्टिमायझेशनचं प्लगिन घातलं, सगळ्या स्क्रिप्ट एकत्र बांधल्या, बोट लागेपर्यंत लोडच होऊ नयेत अशा ठेवल्या. पेजस्पीडवर (साइटचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या साधनावर) मोबाइलचा आकडा नव्वदच्या वर गेला. त्याचा स्क्रीनशॉट भावोजींनी घरच्या ग्रुपवर टाकला. माझ्या नावाने नव्हे, पण माझ्यासाठीच.

मग दादरच्या एका बाईंना आगळाच्या सहा बाटल्या गेल्या. त्यांनी मागवली होती एक. पार्सल दारातूनच परत पाठवलं. ते सावईवेऱ्याला पोचलं तेव्हा खोक्याचा तळ लालभडक भिजलेला, आत एक बाटली फुटलेली, आणि आगळाचं मीठ पुठ्ठ्यावर पांढरं फुललेलं. ताईने खोकं तसंच पडवीत ठेवून मला फोन केला. भावोजी मागून बोलत होते ते ऐकू येत होतं, “बाईला बटण दाबता येत नाही, त्याला आम्ही काय करणार?”

मी संध्याकाळी जाऊन फोनवर इन्कॉग्निटोत साइट उघडली आणि आगळ कार्टमध्ये टाकलं. पान एकदा लुकलुकलं, परत वर गेलं, बस. चौकट नाही, पट्टी नाही, वरच्या पिशवीवरचा आकडा शून्यच. कोणीही पुन्हा दाबेल. मीही दाबलं. मग चेकआऊटला गेले तर हिरव्या पट्ट्यांची रांग: आगळ कार्टमध्ये टाकलं, आगळ कार्टमध्ये टाकलं, आगळ कार्टमध्ये टाकलं. फोनच्या अख्ख्या स्क्रीनभर तेच. दादरच्या बाईंनी ते खाली सरकवून पत्ता भरला असणार आणि कॅश ऑन डिलिव्हरी निवडली असणार. मीही तेच केलं असतं.

लॅपटॉपवर कन्सोल (ब्राउझरमधली चुका दाखवणारी खिडकी) उघडला तर पहिलीच लाल ओळ ‘जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड’. चौकट दाखवणारी स्क्रिप्ट ज्या जेक्वेरीच्या भरवशावर चालते, तिच्याच आधी धावत होती आणि पडत होती. ती पडल्यावर फॉर्म साध्या वाटेने जात होता, म्हणून वस्तू कार्टमध्ये पडत होती. साधी पट्टी त्या टेम्प्लेटमध्ये थीमवाल्याने ठेवलेलीच नव्हती, कारण चौकट होती ना. पिशवीचा आकडाही स्क्रिप्टच बदलते, तोही गेला.

भावोजींनी आपला फोन पुढे केला, “माझ्याकडे तर दिसतं.” दिसणारच! ते चोवीस तास अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असतात. असली बरीच प्लगिनं लॉगिन असलेल्या माणसाला कॅशेतलं (आधीच बनवून साठवलेलं) पान देत नाहीत, स्क्रिप्टही बांधून देत नाहीत. दुकान बंद पडलंय हे गल्ल्यावरच्या मालकाला सोडून बाकी सगळ्यांना कळतं ते असं. तुम्हीही पहिली गोष्ट हीच करा: लॉगआऊट होऊन, फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर बघा. आमच्या आतल्या गावांत पावसाळ्यात जशी रेंज असते तशा रेंजवर बघा.

मग ऑप्टिमायझेशनच्या प्लगिनमधलं स्क्रिप्ट उशिरा लोड करणं आणि एकत्र बांधणं, दोन्ही बंद करा, कॅशे रिकामी करा, पुन्हा दाबा. मेसेज आला तर चोर सापडला. मग एकेक चालू करत जा, आणि जेक्वेरी नि वूकॉमर्सच्या स्क्रिप्ट वगळायच्या यादीत घाला. नाही आला तर कन्सोलच्या शेजारच्या नेटवर्क टॅबमध्ये बटण दाबल्यावर काय जातं ते बघा. एजॅक्सच्या वाटेने गेलं असेल तर उत्तरात फ्रॅगमेंट्स (पानाचे बदललेले तुकडे) आणि कार्टचा हॅश (तिची ओळखखूण) यायला हवा. त्याऐवजी ‘एरर’ आणि वस्तूच्या पानाचा पत्ता आला तर वस्तू गेलीच नाही, बहुधा माल संपलाय किंवा गिऱ्हाईकाने आकार-वजन निवडायचं राहिलंय. आणि उत्तराच्या डोक्यावर पीएचपीची (सर्व्हरवरच्या कोडची) एखादी वॉर्निंग चिकटून आली असेल तर पुढचं सगळं बरोबर असूनही ब्राउझरला ते वाचता येत नाही. ती वॉर्निंग भलत्याच प्लगिनची असते आणि सापडेपर्यंत जीव खाते.

पिशवीवरचा आकडाच तेवढा जुना राहत असेल तर वूकॉमर्सची आवृत्ती बघा. 2023 मधल्या 7.8 पासून फ्रॅगमेंट्सची स्क्रिप्ट सरसकट प्रत्येक पानावर येत नाही, कार्टचं विजेट (छोट्या कार्टची चौकट) असेल तिथेच येते. जुन्या थीमला हे माहीत नसतं. आणि तुमची थीम ब्लॉकवाली असेल तर वस्तूच्या टेम्प्लेटमध्ये ‘स्टोअर नोटिसेस’ हा ब्लॉक आहे का ते बघा. नसेल तर तुमचे मेसेज साचत असणार.

आता भावोजींचा दुसरा मुद्दा, कारण तो तुम्हालाही कोणीतरी ऐकवेल. सेटिंग्जमध्ये प्रॉडक्ट्सखाली ‘वस्तू टाकल्यावर थेट कार्टच्या पानावर न्या’ अशी एक खूण असते. त्यांचं म्हणणं, ती करा, मग मेसेजची गरजच नाही. अहो, आपल्याकडचं गिऱ्हाईक एक वस्तू घेऊन थांबत नाही. आगळ घेतलं की सोलं हवीत, सोलं घेतली की मिरी. दर वस्तूला त्याला उचलून कार्टवर नेऊन सोडायचं आणि मग त्याने मागे-मागे दाबत परत यायचं, हे दुकान की कदंबा बसचं स्टँड? त्यांना हे पटलेलं नाही. ताईला पटलं, आणि साइट ताईच्या नावावर आहे.

आणि तो नव्वदचा आकडा. पेजस्पीडचा तो गुण ज्या चाचणीतून येतो, ती पान उघडते आणि मोजते, तुमचं बटण एकदाही दाबत नाही. पान किती लवकर दिसलं, किती हललं, लोड होताना किती वेळ अडकून पडलं, एवढंच त्यात येतं. उलट दाबल्यावर पान किती लवकर काही हालचाल दाखवतं हे मोजणारं आयएनपी नावाचं माप गूगलनेच मार्च 2024 मध्ये आपल्या मुख्य मापांत घेतलं. 200 मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं, 500 च्या वर वाईट. पण ते खऱ्या माणसांच्या वापरातून येतं, त्यामुळे लहान दुकानाला तेवढी वर्दळ नसेल तर तो रकाना रिकामाच दिसतो, आणि पणजीचा माणूस रिकाम्या रकान्याचा स्क्रीनशॉट काढत नाही. यंत्राने आपलं काय चाललंय ते माणसाला दाखवत राहावं हा नियम वापरसुलभतेचा तज्ज्ञ याकोब नील्सन याच्या 1994 च्या दहा नियमांत पहिला आहे. चवथीच्या पंगतीत हे सांगायला गेले तर भावोजी म्हणाले, “पातोळ्या घे.”

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या, आता लिहिते. कॅशेच नको असं माझं म्हणणं नाही. स्वस्त होस्टिंगवर कॅशेशिवाय वूकॉमर्स रांगतं, मीही वापरते. फक्त कार्ट, चेकआऊट आणि खात्याची पानं तिच्यातून वगळलेली हवीत, आणि ज्या ब्राउझरमध्ये वूकॉमर्सच्या कार्टची कुकी आहे त्याला कॅशेतलं पान द्यायचं नाही. हे न पाळल्यामुळे एकाचा ‘कार्टमध्ये टाकलं’ हा मेसेज कॅशेत अडकून दिवसभर गावाला दिसत राहिलेला मी पाहिलाय. थेट कार्टवर नेणंही दर वेळी वाईट नसतं. एकच वस्तू विकत असाल, समजा एखाद्या शिबिराची नावनोंदणी, तर खुशाल न्या. आणि हे सगळं शॉपिफायला, म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या दुसऱ्या सेवेला, लागू नाही. तिथे डॉनसारख्या थीममध्ये सेटिंग्जच्या कार्ट विभागात ड्रॉवर, पान की पॉप-अप एवढीच निवड असते, ती आधी बघा. शिवाय हे प्रयोग चालत्या साइटवर सणाच्या तोंडावर करू नका. बॅकअप घ्या, होस्टिंगवाला स्टेजिंग (साइटची चाचणीसाठीची नक्कल) देत असेल तर तिथे करा.

एवढं करूनही अडलं तर कन्सोलमधली पहिली लाल ओळ खाली लिहा. फक्त पहिली. पुढच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.