वाक्यातला 'च'

सीएसआयआर-नेट या विज्ञान विषयांतल्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल लागला की मॉलिक्युलर बायोलॉजीत एम.एस्सी. केलेली मुले-मुली सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची चिंता एकच असते: पीएच.डी.साठी निवडलेली संस्था चुकली तर? त्यांतल्या एका विद्यार्थिनीची हकीकत, ओळख पुसून, इथे मांडते.

तिला जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ पाठ्यवृत्ती, मिळाली होती. बेंगळुरूचे एनसीबीएस, हैदराबादचे सीसीएमबी, पुण्याचे आयसर अशा संशोधन संस्थांची तुलना करणारा भलामोठा तक्ता घेऊन ती आली होती. पहिल्या तीन भेटींत ती पुन्हा पुन्हा म्हणाली, "मला नामवंत संस्थेतच जायचंय, आणि निवड चुकायलाच नको." अखेर ते वाक्य मी कागदावर लिहिले आणि म्हटले, "यातले दोन्ही 'च' खोड आणि मोठ्याने वाच."

तिने वाचले, आणि बराच वेळ ती गप्प राहिली. "मॅडम, आता ही नुसती इच्छा वाटते."

"मग इच्छेबद्दल बोलू या. प्रकल्पात तू कशात रमलीस?"

तीन आठवडे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचा प्रयोग, फसत होता. त्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, जुळण्याचे तापमान एकेक अंशाने बदलत ती बसली होती. "रात्री जेलवर डीएनएचा बँड दिसला, प्रयोग जमला, तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते. नाचावंसं वाटलं!" 'एकटीच'मधला हा 'च' अनुभवातून आला होता, भीतीतून नव्हे, हा फरक तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयीचा त्याचा हट्ट अधिक छळतो, हे मी इतकी वर्षे मानत आले आहे.

हट्ट सैल झाला की योग्य प्रश्न सुचतात. पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत काम करून मग मार्गदर्शक निवडता येतो का? त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध किती वर्षांत पूर्ण झाले? जेआरएफची पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात आणि पुढची एसआरएफ, म्हणजे ज्येष्ठ पाठ्यवृत्ती, धरूनही पाठ्यवृत्तीची मुदत पाच वर्षांचीच असते. मग सहाव्या वर्षाचा खर्च कोण करतो? हे प्रश्न मार्गदर्शकांच्या गैरहजेरीत, तिथल्या विद्यार्थ्यांना आणि शक्य असल्यास तिथून मधेच बाहेर पडलेल्यांनाही विचारावेत, असा माझा आग्रह असतो, कारण संस्थेचे नाव प्रवेशद्वारावर असते आणि रोजची गाठ मात्र मार्गदर्शकांशी पडते.

पुढच्या भेटीत तिच्या तक्त्यात संस्थांच्या जागी चार मार्गदर्शकांची नावे होती. एका रकान्यात लिहिले होते: "सर दर आठवड्याला भेटतात. प्रयोग फसल्यावर कसे बोलतात, ते अजून विचारायचे आहे."