रत्नागिरीच्या रस्त्यावर फ्रान्ससारखी नकाबबंदी आणली तर कोर्टात टिकेल का?

सरसकट बंदी टिकणं अवघड आहे, असं मला वाटतं. फ्रान्सने २०१० साली सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी करणारा कायदा केला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये तो मान्य केला, पण सुरक्षेच्या कारणावर नव्हे, समाजात एकत्र नांदण्याच्या मुद्द्यावर. आपल्या घटनेचं कलम २५ धर्मस्वातंत्र्याला मर्यादा घालतं ती सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य अशा कारणांसाठी. 'एकत्र नांदणं' तिथे थेट कुठेच नाही. शिवाय २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. धर्माचं नाव न घेता कायदा लिहिला, तर महामार्गाच्या धुळीत स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर चिपळूणला निघालेली मुलगीही त्यात सापडेल! कर्नाटकचा दाखला लोक हमखास देतात, पण तो वाद वर्गातल्या हिजाबचा होता, चेहरा झाकण्याचा नव्हता. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालंच नाही. एवढं मात्र खरं की मतदान केंद्रासारख्या ठिकाणी ओळख पटवण्यापुरता चेहरा दाखवायला सांगता येतं. त्यासाठी महिला कर्मचारी नेमायची पद्धत आहे.