उलटं टांगलेलं चित्र आणि तज्ज्ञांचा शब्द

प्रश्न : डच चित्रकार पीट मोंद्रियानचं एक चित्र पाऊणशे वर्षं उलटं टांगलं होतं म्हणे. तज्ज्ञांना वरची बाजूच कळत नसेल, तर आधुनिक चित्राचं बरंवाईट त्यांच्या शब्दावर का मानायचं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसत्या शब्दावर मानू नकाच. पण चूक कशी झाली तेही पाहा. ‘न्यू यॉर्क सिटी १’ मध्ये मोंद्रियानने कॅनव्हासवर रंगीत चिकटपट्ट्या लावून रेषा जुळवल्या. चित्र अपुरं राहिलं, सही नाही. १९४४ मध्ये तो वारला. १९४५ साली न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ते उलटं लागलं आणि पुढे जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात १९८० पासून तसंच. आधीच्याने लावलं, पुढच्याने री ओढली. २०२२ मध्ये चूक जाहीर केली ती तिथल्याच क्युरेटर (संग्रहालयातल्या चित्रांचा अभ्यास आणि मांडणी पाहणाऱ्या) सुझान मायर-ब्यूझर यांनी. या चित्राच्या जोडीच्या, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या तैलचित्रात रेषांची दाटी वर आहे, इथे ती खाली होती. मृत्यूनंतर स्टुडिओत काढलेल्या फोटोतही इझलवर दाटी वरच दिसते. आता मात्र ते फिरवता येत नाही: पट्ट्या सुटत आल्यात, भार उलटा पडला तर निघून येतील.

१९६१ मध्ये न्यू यॉर्कच्या त्याच संग्रहालयात फ्रेंच चित्रकार मातीसचं ‘ल बातो’ (होडी) हे चित्र ४७ दिवस उलटं होतं. ते ओळखलं एका शेअर दलाल बाईंनी. नावेपेक्षा पाण्यातल्या प्रतिबिंबात जास्त बारकावे कसे, एवढंच त्यांना खटकलं. असं खटकणं फार मोलाचं आहे!

म्हणून चित्राशेजारची माहितीची पाटी शेवटी वाचा. आधी पाच मिनिटं चित्रासमोर थांबा: दोन हातांवरून, मग खोलीच्या मध्यावरून, मग बाजूने तिरकं. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीने रंग चढवत, खरवडत. तो पोत मोबाइलवर सपाट होतो, तेव्हा फोटोवरून कौल देऊ नका. पाटीवरचं साल, माध्यम, माप पडताळता येतं. ‘युगप्रवर्तक’ हे मत आहे, त्यामागे चित्रातलं काय दाखवलंय ते शोधा. चित्र कुणी उसनं दिलंय हेही वाचा, कारण मोठ्या संग्रहालयात लागलेल्या चित्राचा भाव वाढू शकतो. विक्रीच्या प्रदर्शनातल्या कॅटलॉगचा लेख तर जाहिरात समजूनच वाचावा.