पाव पानाची जाहिरात

प्रश्न : परदेशी विद्यार्थ्यांना रंग आणि वंश पाहून खोली नाकारली जाते, त्याविरुद्ध आम्ही ५० नागरिक स्थानिक दैनिकात नावांसह जाहिरात देणार आहोत. ज्यूद्वेष, वर्णद्वेषाविरुद्ध परदेशात असं झालंय म्हणतात. मजकूर आणि खर्च कसा बसवावा?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी नावं, मग मजकूर, पैशांचं शेवटी. २९ मार्च १९६० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी पानभर जाहिरात आली. मुद्दा रास्त होता, तपशील चुकले. किंग यांना अटक चारदा झालेली, छापलं सातदा. आंदोलक विद्यार्थ्यांनी म्हटलं राष्ट्रगीत, छापलं दुसरंच गाणं. वर चार धर्मगुरूंची नावं त्यांना न विचारताच टाकलेली. जाहिरातीत माँटगोमेरी या अमेरिकी शहराच्या पोलिसांवर टीका होती; ते खातं पाहणारे आयुक्त सलिव्हन यांनी बदनामीचा दावा लावला आणि ज्युरीनं ५ लाख डॉलर भरपाई दिली. १९६४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली खरी, पण ते संरक्षण सरकारी पदावरच्या माणसावरील टीकेपुरतं होतं. तुमच्या गल्लीतला घरमालक त्यात बसत नाही. तेव्हा कुणा मालकाचं किंवा सोसायटीचं नाव घालू नका. शेवटचा मजकूर छापून त्याच कागदावर प्रत्येकाची सही घ्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा चालणार नाही.

प्रेस कौन्सिलच्या नियमांत जाहिरातीची जबाबदारीही संपादकाकडे येते, त्यामुळे मजकूर त्यांच्या टेबलावर जाणारच. चार दिवस हाताशी ठेवा.

शिवी किंवा हिणवणारा शब्द ठळक छापू नका, अगदी निषेधासाठीही. पान उलटणाऱ्याला तेवढाच दिसतो. त्यापेक्षा वाचकाच्या हाताला काम द्या. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या बिलिंग्ज शहरात एका ज्यू घराच्या खिडकीवर सिमेंटच्या विटेचा तुकडा फेकला गेला. 'बिलिंग्ज गॅझेट'नं मेनोरा या ज्यू दीपदानाचं पानभर चित्र छापलं आणि हजारो घरांनी ते खिडक्यांत लावलं. तुम्ही 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली चिकटवता येईल अशी एक ओळ चौकटीत छापा : 'जात, धर्म, रंग विचारला जाणार नाही.'

जाहिरातीचा दर चौरस सेंटिमीटरवर असतो. आठ कॉलमी पानात चार कॉलम म्हणजे साधारण १६ सेंमी रुंदी. उंची २५ धरली तर ४०० चौसेंमी. दर १०० रुपये धरला तर ४०,०००, वर ५ टक्के जीएसटी २,०००. फक्त शहर आवृत्ती घ्या. अख्ख्या मराठवाड्याचा दर कशाला भरायचा?

काळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं नकोत. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि वेलांट्या बुजतात. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. छपाईच्या चार शायांतून (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) अक्षरं काढली की छपाई जराशी सरकली तरी ती दुहेरी दिसतात. चित्रात एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २४०च्या आत असू द्या. पीडीएफ करण्याआधी अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार) करून घ्या, नाहीतर तिकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात. आणि प्रूफवर नावं बोट ठेवून मोजा. ४९ छापली गेली, तर राहिलेला पन्नासावा माणूस सकाळी सातला फोन करतो.