आदेश हाती आहे, पण मूल भेटत नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच दुःखाची आहेत. कुटुंब न्यायालयाने आदेश दिला, त्याची सहीशिक्क्याची प्रत घरी आली, आणि तरीही समोरची व्यक्ती तो पाळत नाही. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : आमचा घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कुटुंब न्यायालयात चालू आहे. सात वर्षांचा मुलगा पत्नीजवळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत त्याला दोन तास भेटण्याचा अंतरिम आदेश मला आठ महिन्यांपूर्वी मिळाला. या सोळा भेटींपैकी फक्त तीन झाल्या. कधी मुलाला ताप, कधी परीक्षा, कधी काहीच निरोप नाही. पोलीस ठाण्यात गेलो, तर ‘कोर्टाचे प्रकरण आहे, कोर्टातच जा’ असे सांगण्यात आले. शेवटी कंटाळून दोन महिन्यांपासून मी पोटगी देणे थांबवले आहे. आता काय करावे?

उत्तर : आपण पत्राच्या शेवटी जे लिहिले आहे, तिथूनच मी सुरुवात करते, कारण आपली बाजू सर्वांत जास्त दुबळी करणारी गोष्ट तीच आहे. थांबवलेली पोटगी याच आठवड्यात भरा, आणि ती बँकेमार्फत भरा, म्हणजे नोंद राहील. मुलाला पोसणे आणि मुलाला आईवडील दोघेही मिळणे, हे दोन्ही त्या मुलाचेच हक्क आहेत. एकाने एक अडवले म्हणून दुसऱ्याने दुसरे अडवायचे, अशी सूट कायदा देत नाही. आपण भेटीसाठी अर्ज कराल त्या दिवशी समोरच्या वकिलांचे पहिले वाक्य पोटगीच्या थकबाकीचे असेल, आणि न्यायाधीशांचे लक्ष तेरा चुकलेल्या भेटींवरून उडून त्या थकबाकीवर जाईल.

दुसरी गोष्ट पुराव्याची आहे. तेरा भेटी झाल्या नाहीत, असे आपण लिहिता. पण त्या तेरांपैकी किती शनिवारी आपण स्वतः ठरलेल्या वेळी तिथे हजर होता? दोन-तीन वेळा रिकाम्या हाताने परतल्यावर अनेक वडील जाणेच सोडून देतात. त्यांची व्यथा मला समजते, पण कागदावर त्याचा अर्थ ‘वडीलच आले नाहीत’ असा होतो. म्हणून मुलगा येणार नाही हे आदल्या रात्री कळले तरी जा, खोलीच्या नोंदवहीत वेळेसह सही करा, आणि दाव्याच्या पुढच्या तारखेला त्या दिवसाची पर्सिस, म्हणजे न्यायालयाला माहिती देणारे लेखी निवेदन, दाखल करून ती रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत, येईल असे पाहा. आजारपणाचा निरोप आला, तर रागाचा एकही शब्द न लिहिता डॉक्टरांची चिठ्ठी आणि बदली भेटीची तारीख मागणारा संदेश पाठवा. असे सहा-सात संदेश आणि त्यांची आलेली किंवा न आलेली उत्तरे, हाच आपल्या अर्जाचा कणा ठरतो.

त्यानंतर त्याच न्यायालयात अर्ज करावा. पोलिसांनी आपल्याला परत पाठवले, याचे कारण भेटीचा आदेश राबवण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळत नाही. न्यायालयाने मदत करण्याचे निर्देश दिले तरच ते येतात. आपल्या अर्जात मात्र पोलिसांची मागणी पहिली नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सात वर्षांच्या मुलाने वडिलांना खाकी गणवेशाच्या सोबतीने भेटणे, हे भेट न होण्याइतकेच वाईट ठरू शकते. पहिली मागणी बुडालेल्या भेटींच्या बदल्यात जादा भेटींची असावी, दुसरी न्यायालयाच्या विवाह समुपदेशकांनी मुलाशी बोलून अहवाल देण्याची, आणि तिसरी प्रत्येक चुकलेल्या भेटीमागे खर्च बसवण्याची. भेटींच्या मधल्या काळात व्हिडिओ कॉलची मागणीही जरूर करावी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात मुलाला आईवडील दोघांच्याही प्रेमाचा हक्क आहे असे सांगताना, ताबा नसलेल्या पालकाशी मुलाचे फोनवर किंवा व्हिडिओवर नियमित बोलणे व्हावे, यावर भर दिला आहे. हा भाग आईला मान्य होणेही सहसा सोपे जाते.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर अंमलबजावणीचा, म्हणजे आपल्याकडच्या कोर्टाच्या भाषेत दरखास्तीचा, मार्ग उरतो. कुटुंब न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे या न्यायालयाच्या आदेशाला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकेच (डिक्रीइतकेच) बळ आहे. आदेश पाळण्याची संधी असूनही तो जाणूनबुजून मोडला, असे सिद्ध झाले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३२ खाली मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कारागृहापर्यंत जाता येते. न्यायालयाच्या अवमानाचा मार्ग वेगळा आहे. कुटुंब न्यायालयाच्या अवमानाची शिक्षा उच्च न्यायालय देते, ती जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद आणि दोन हजार रुपये दंड इतकी असते, आणि कारवाई अवमान घडल्यापासून एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. आदेशाचे शब्द मोघम असतील, म्हणजे ‘सोयीनुसार भेट द्यावी’ असे काही असेल, तर हे दोन्ही मार्ग निष्फळ ठरतात. आपला आदेश दिवस, वेळ आणि जागा सांगणारा आहे, ही आपली जमेची बाजू आहे.

आईला तुरुंगात पाठवून मुलाचे मन वडिलांकडे वळल्याचे एकही उदाहरण मी माझ्या वकिलीत पाहिलेले नाही. या मार्गांचा खरा उपयोग त्यांच्या धाकात आहे. शिवाय भेटी सातत्याने अडवल्या गेल्या, तर ताबा नेमका कोणाकडे असावा याचाच फेरविचार करण्यास ते एक कारण ठरू शकते, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खालचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात. अर्जात हे संयमित शब्दांत नमूद करून ठेवावे.

प्रश्न : मी नाशिकला राहते. २०२२ मध्ये कुटुंब न्यायालयाने मला आणि मुलीला मिळून दरमहा १२,००० रुपये पोटगी मंजूर केली. गेल्या चौदा महिन्यांत एकही रुपया आलेला नाही. पतीने नोकरी बदलली असून ते पुण्यातील एका खासगी कंपनीत आहेत. ‘अपील केले आहे, निकाल लागेपर्यंत काही मिळणार नाही’ असे ते सांगतात.

उत्तर : अपील दाखल होणे आणि आदेशाला स्थगिती मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या न्यायालयाच्या स्थगितीची प्रत त्यांनी दाखवली नाही, तर आजचा आदेश आजही लागू आहे, असेच धरून चाला.

आपली खरी अडचण दिवसांची आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची पोटगी, त्याच कायद्यातील वॉरंटच्या मार्गाने वसूल करायची असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुली अर्ज व्हावा लागतो. आपल्या १,६८,००० रुपयांच्या थकबाकीतील सर्वांत जुने दोन महिने या मुदतीबाहेर गेले आहेत, आणि अर्ज लांबेल तसा दर महिन्याला आणखी एक महिना बाहेर जाईल. म्हणून तडजोडीच्या आशेने थांबू नका. बोलणी अर्ज दाखल झाल्यावरही करता येतात. वॉरंट काढूनही रक्कम आली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘आत जाऊन येईन, मग देणे फिटेल’ असे सांगणारे पती मी पाहिले आहेत. तसे होत नाही. कैद ही रक्कम वसूल करण्याची एक रीत आहे आणि कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे.

मात्र पती पगारदार असताना कैदेपेक्षा पगारजप्ती कितीतरी उपयोगी पडते. २०२० मधील रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल पोटगीच्या बाबतीत आज देशभर आधाराला घेतला जातो, आणि ते प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले होते. पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही राबवता येतो, असे त्यात म्हटले आहे. इतर कर्जांच्या वसुलीत पगाराचा बराच मोठा भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो. म्हणजे ४५,००० रुपये पगार असेल, तर ३०,००० रुपयांपर्यंतची रक्कम थकबाकीपोटी आणि चालू पोटगीपोटी थेट मालकाकडून कापून घेता येते, आणि आदेश मिळूनही मालकाने ती कापली नाही, तर त्या रकमेची जबाबदारी मालकावर येते. पतीच्या कंपनीचे नेमके नाव आणि पत्ता मिळवा. पती पुण्यात असल्यामुळे दरखास्त पुण्याच्या न्यायालयाकडे वर्ग करून घेता येते, नवा दावा लावावा लागत नाही. वकिलाच्या फीची चिंता आपण पत्रात व्यक्त केली आहे. स्त्रियांना उत्पन्नाची कोणतीही अट न घालता मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात आदेशाची प्रत घेऊन जावे.

प्रश्न : ठाण्याच्या न्यायालयाने मुलाचा ताबा मला दिला आहे. दिवाळीच्या सुट्टीत वडील त्याला आठ दिवसांसाठी सातारा जिल्ह्यातील त्यांच्या गावी घेऊन गेले आणि आता परत पाठवत नाहीत. त्याचे नाव तिथल्या शाळेत घालणार असे म्हणतात. माझे भाऊ गाडी घेऊन जायला तयार आहेत.

उत्तर : ताई, भावांना थांबवा. गावात ओढाताण झाली, तर उद्या आपल्याच माणसांवर गुन्हा दाखल होईल आणि मूल ते सर्व डोळ्यांनी पाहील.

आपण विलंब मात्र करू नये, कारण मूल नव्या शाळेत रुळले की ‘ते आता इथेच स्थिरावले आहे’ हा युक्तिवाद उभा राहतो. आज लेखी संदेश पाठवून मुलाला परत आणण्याची तारीख विचारा, आताच्या शाळेला ताब्याच्या आदेशाची प्रत देऊन दाखला आपल्या संमतीशिवाय देऊ नये असे कळवा, आणि ठाण्याच्या न्यायालयात तातडीचा अर्ज करा. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २५ खाली मुलाला कायदेशीर ताब्यात परत देण्याचा आदेश होऊ शकतो आणि त्यासाठी न्यायालयाला मुलाला शोधून आणवण्याचेही अधिकार आहेत. त्याच कायद्यातील दंडाची रक्कम १८९० साली ठरलेली शंभर रुपयांचीच राहिली आहे, हे खेदाचे आहे. परंतु मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी कारागृहात ठेवण्याची तरतूद दंडाच्या त्याच कलमात आहे, आणि तिची दखल घ्यावीच लागते. मूल लपवले जात असेल, तर उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस), म्हणजे अडवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करण्याचा आदेश मागणारी, याचिका हा वेगवान मार्ग आहे. सातारा जिल्हा १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचच्या कक्षेत आला आहे, त्यामुळे याचिका मुंबईला करावी की कोल्हापूरला, हे वकिलांशी बोलून पहिल्याच दिवशी ठरवा.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी वडिलांकडे जायला ठाम नकार देते. मी तिला अडवत नाही, पण ढकलूही शकत नाही. माझ्याकडून न्यायालयाचा अवमान होतो आहे का?

उत्तर : अवमानासाठी आदेश जाणूनबुजून मोडलेला असावा लागतो. मुलीचा नकार खरा असेल आणि आपण प्रयत्न केल्याचे दिसत असेल, तर आपली बाजू सुरक्षित आहे. पण ‘तिला नको आहे’ एवढे सांगून घरी बसलात, तर ती सुरक्षितता जाते, कारण नेमके हेच वाक्य मुलाला भरवून सांगणारे पालकही न्यायालयात रोज उच्चारतात आणि दोघांतला फरक न्यायाधीशांना कागदावरून कळत नाही.

मुलगी समजत्या वयाची असेल, तर तिची इच्छा विचारात घेता येते, असे पालक व पाल्य अधिनियमात म्हटले आहे, आणि न्यायाधीश अशा मुलांशी आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर थांबवून बोलतात. तेव्हा भेटीची पद्धत बदलण्यासाठी आपणच अर्ज करा आणि मुलीशी बोलण्याची विनंती त्यात घाला. अर्जावर आदेश होईपर्यंत जुना आदेश पाळायचा आहे, म्हणून पुढच्या भेटीच्या दिवशी तिला ठरलेल्या जागी घेऊन जा. तिने दाराशीच नकार दिला, तर तो समुपदेशकांसमोर देऊ द्या आणि त्यांना तशी नोंद करण्याची विनंती करा. वाटेत तिला काय बोलायचे ते शिकवू नका, आणि परतताना काय बोललीस हेही विचारू नका.