कर्ज बाईच्या नावावर, धंदा कुणाचा?

स्त्रियांचे काम, त्यांची उद्योजकता आणि या विषयांवर होणारे संशोधन यांसंबंधी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पहिले उत्तर इतरांपेक्षा लांबले आहे, कारण तशाच आशयाची पत्रे अनेक ठिकाणांहून आली आहेत.

प्रश्न : बचतगटाच्या कर्जातील माझ्या वाट्याची रक्कम मिस्टरांच्या किराणा दुकानात गेली आणि माझे शिवणकाम होते तेवढेच राहिले. एका प्रशिक्षणवर्गात वक्त्यांनी सांगितले की, बायकांना भांडवल दिले तरी त्यांचा धंदा वाढत नाही, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे. हे खरे आहे का?
— बचतगटातील एक सदस्य, सांगोला

उत्तर : वक्त्यांनी सांगितले ते खोटे नव्हे, पण अर्धवट आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा श्रीलंकेतील प्रयोग असावा. 2004 च्या त्सुनामीनंतर सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुडरफ या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील अगदी छोट्या धंद्यांच्या मालकांमधून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड केली आणि काहींना 10,000, तर काहींना 20,000 श्रीलंकन रुपयांची मदत दिली. ही रक्कम परत करायची नव्हती. पुढे पुरुषांच्या धंद्यांचा नफा चांगलाच वाढला, स्त्रियांच्या धंद्यांचा मात्र वाढला नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचे ‘बायकांना धंदा जमत नाही’ असे सोपे वाक्य पुढे सर्वत्र पसरले. मूळ निबंधात मात्र संशोधकांनी कुवत आणि जोखीम घेण्याची तयारी यांचीही तपासणी केली होती, आणि ही तफावत केवळ त्यांतील फरकाने उलगडत नाही असे नोंदवून घरातल्या घरात पैसा कसा वाटला जातो याकडे बोट दाखवले होते.

ते बोट धरून पुढे गेलेले संशोधन 2019 मध्ये आले. एरिएल बर्नहार्ट, एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि नताली रिगोल यांनी भारत, श्रीलंका आणि घाना येथील प्रयोगांची आकडेवारी पुन्हा उघडली आणि तिला एकच नवा प्रश्न विचारला : या बाईच्या घरात दुसऱ्या कुणाचा धंदा आहे का? जेथे तिचा एकटीचाच धंदा होता, तेथे भांडवलाचा फायदा पुरुषांच्या तोडीस तोड दिसला. जेथे नवऱ्याचाही धंदा होता, तेथे तिच्या नावाने आलेला पैसा त्याच्या धंद्यात गेलेला आढळला. घराचे एकूण उत्पन्न दोन्ही प्रकारांत सारखेच वाढले होते, फक्त ते वाढलेले तिच्या वहीत दिसत नव्हते. आपले पत्र म्हणजे या निष्कर्षाचे सांगोल्यातील उदाहरणच आहे.

यात आपल्या पतीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा हेतू नाही. दुकानाची उलाढाल शिवणकामापेक्षा मोठी असेल, तर रक्कम तेथे घालणे घराच्या हिशेबाने शहाणपणाचेही असू शकते. आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. गटाच्या बैठकीत हप्त्यासाठी जबाबदार आपण, थकबाकी झाली तर शेजारणींची बोलणी ऐकणार आपण, आणि माल कोणता भरायचा हे ठरवताना मात्र आपल्याला विचारले जात नाही. अशा कर्जाची नोंद सरकारी अहवालात ‘महिला उद्योजकता’ या मथळ्याखाली होते, हे आम्हाला मान्य होण्यासारखे नाही.

उपायांवरही संशोधन झाले आहे. कोलकात्यात एका सूक्ष्मवित्त संस्थेच्या काही कर्जदार स्त्रियांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरण्याची मुभा देण्यात आली. त्यांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त होता. अर्थात कर्ज थकवणाऱ्यांचे प्रमाणही या गटात वाढले, आणि संस्था अशी मुभा देण्यास का कचरतात ते यावरून कळते. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यावर जमा केली गेली आणि ते खाते कसे वापरायचे हेही तिला शिकवले गेले, तेव्हा त्या स्त्रिया हमीच्या कामाबरोबरच बाहेरचेही काम अधिक करू लागल्या. केवळ खाते उघडून देण्याने तेवढे साधले नव्हते. अहमदाबादेत ‘सेवा’ या असंघटित क्षेत्रातील कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या बँकेतील दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला काही जणींना एकटीने, तर काही जणींना मैत्रिणीला घेऊन बोलावण्यात आले, आणि धंद्यासाठी कर्ज काढण्याचे व काम वाढवण्याचे प्रमाण मैत्रिणीसोबत आलेल्या स्त्रियांत अधिक आढळले.

तेव्हा पुढच्या कर्जापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. रक्कम आपल्या स्वतःच्या खात्यावर घ्यावी. त्यातील काही भाग दुकानात घालायचा झाल्यास तो आपला उसना पैसा किंवा भागीदारी म्हणून वहीत लिहून ठेवावा. आपल्यापासून फार लांब नसलेल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 पासून माणदेशी महिला सहकारी बँक चालू आहे. बँक काढू पाहणाऱ्या स्त्रिया निरक्षर आहेत या कारणाने रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला होता. स्त्रियांना पैशाचा व्यवहार कळत नाही असे प्रशिक्षणवर्गात सांगणाऱ्यांनी तेथे एकदा जरूर जाऊन यावे.

प्रश्न : श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग काही वर्षांतच जवळपास दुप्पट झाल्याचे सरकारी पाहणी सांगते. वर्गात विद्यार्थिनींना हे आकडे कसे समजावून सांगावेत?
— अर्थशास्त्राच्या एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : आकडे सांगावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. नियतकालिक श्रमशक्ती पाहणीनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग, म्हणजे त्यांतील काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण, 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. ग्रामीण भागात तो 24.6 वरून 47.6 वर गेला, शहरांत 20.4 वरून 28 वरच पोहोचला. याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी नियमित पगारावर असलेल्यांचा वाटा 21 टक्क्यांवरून सुमारे 16 टक्क्यांवर घसरला, आणि घरच्या शेतीत किंवा धंद्यात मोबदल्याशिवाय हातभार लावणाऱ्यांचा वाटा वाढून एक तृतीयांशाच्या पुढे गेला. म्हणजे वाढीचा मोठा भाग पगाराबाहेरचा आहे. तो निरर्थक नाही, कारण पूर्वी मोजले न गेलेले काम मोजले जाणे हीसुद्धा प्रगतीच आहे. तरीही त्याला रोजगारनिर्मिती म्हणणे घाईचे ठरेल.

2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल एकटीने मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांचे काम येथे विद्यार्थिनींना उपयोगी पडेल. अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासताना त्यांना आढळले की, शेतात आणि घरच्या धंद्यात राबणाऱ्या विवाहित स्त्रियांच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘पत्नी’ असे लिहिलेले असे. ती नोंद दुरुस्त केल्यावर चित्र बदलले : शेतीप्रधान काळात स्त्रियांचा सहभाग बराच होता, कारखानदारी आल्यावर तो घसरला आणि विसाव्या शतकात सेवाक्षेत्र व शिक्षण वाढल्यावर पुन्हा चढला. भारत त्याच वाटेने जाईल असे गृहीत धरू नये. लोकांचा दिवसाचा वेळ कशात जातो हे मोजणाऱ्या 2019 च्या कालविनियोग पाहणीत 81.2 टक्के स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे घरकाम करताना आढळल्या. घरकामाला हात लावणारे पुरुष 26.1 टक्के होते आणि त्यांची सरासरी 97 मिनिटांची होती. शहरातील आठ-नऊ तासांची नोकरी, लोकलचा किंवा बसचा प्रवास आणि हे पाच तास एका दिवसात कसे बसवायचे, हा हिशेब विद्यार्थिनींकडूनच फळ्यावर मांडून घ्यावा.

प्रश्न : माझ्या स्टार्टअपसाठी मी गुंतवणूकदारांना भेटते, तेव्हा ‘ग्राहक टिकतील का, तोटा झाला तर काय’ असेच विचारले जाते. माझ्या पुरुष सहकाऱ्यांना मात्र ‘किती मोठे होणार’ असे विचारतात. हा माझा भ्रम आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भ्रम नाही. डॅना कांझे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील एका मोठ्या स्टार्टअप स्पर्धेतील प्रश्नोत्तरे तपासून 2018 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी 67 टक्के वाढीविषयीचे होते, तर स्त्रियांना विचारलेल्यांपैकी 66 टक्के तोटा टाळण्याविषयीचे. प्रश्न विचारणाऱ्या स्त्री गुंतवणूकदारही याला अपवाद नव्हत्या. बचावात्मक प्रश्नाचे उत्तर वाढीच्या भाषेत देणाऱ्यांना तुलनेने अधिक निधी मिळाला, असेही त्यांना दिसले. म्हणून ‘ग्राहक टिकतील का’ याचे उत्तर ‘हो, टिकतील’ एवढेच न देता बाजार केवढा आहे आणि त्यातील किती वाटा आपण घेणार आहोत, तेथपर्यंत न्यावे. हा उपाय सगळा भार उद्योजिकेवरच टाकतो, याची आम्हाला जाणीव आहे.

प्रश्न : माझ्या कपडे शिवण्याच्या कारखान्यात 22 कामगार आहेत, त्यांत 15 स्त्रिया. 26 आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेमुळे छोटे मालक बायकांना कामावर घेणेच टाळतात. समानतेचा कायदाच स्त्रियांच्या मुळावर येतो, असे नाही का?
— एक उद्योजक, इचलकरंजी

उत्तर : आपली शंका जुनी आहे आणि तिला महाराष्ट्रातच मोठा इतिहास आहे. 1920 च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या रीळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. 1929 मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा आला आणि खर्च गिरणीमालकांवर पडला. त्यानंतरच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. इतिहासकार त्यासाठी यंत्रांतील बदल, रात्रपाळीची बंदी आणि मालकांची बदललेली भरती अशी अनेक कारणे देतात, त्यामुळे सारा दोष या कायद्याच्या माथी मारता येत नाही. याच विधेयकावर 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा हे त्यांनी मान्य केले, पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही लाभ असतो, म्हणून त्याला जबाबदारीतून पूर्ण सुटता येणार नाही, असे बजावले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा मातृत्व संरक्षण करारही प्रसूती लाभाचा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून भागवावा, याच बाजूचा आहे. 2017 च्या दुरुस्तीने रजा 12 आठवड्यांवरून 26 वर नेली, पण पैसा कोण देणार हा प्रश्न होता तसाच ठेवला. त्या बाबतीत आपली तक्रार रास्त आहे.

मात्र आपल्या कारखान्याला ती कितपत लागू पडते, हे आधी पाहावे. आपल्याकडे दहापेक्षा जास्त कामगार असल्याने आपण राज्य कामगार विम्याच्या कक्षेत यायला हवे, आणि दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारक स्त्रीला, तिची वर्गणी नियमानुसार भरलेली असल्यास, प्रसूतीकाळातील पैसे आपण नव्हे तर राज्य कामगार विमा महामंडळ देते. मालकाची वर्गणी वेतनाच्या 3.25 टक्के असते, आणि ती पुरुषासाठी व स्त्रीसाठी सारखीच असते. म्हणजे 15 स्त्रियांऐवजी 15 पुरुष घेतले तरी त्या वर्गणीतला एक रुपयाही वाचणार नाही. उरतो तो सहा महिन्यांसाठी बदली कारागीर शोधण्याचा आणि तयार करण्याचा खर्च. तो खरा आहे. त्यासाठी आपल्या भागातील कारखानदारांनी मिळून बदली शिलाई कारागिरांची एक सामायिक यादी ठेवली, तर कुणा एकावर बोजा पडणार नाही. तत्पूर्वी आपल्या 15 जणींची विमा नोंदणी झाली आहे का आणि वर्गणी वेळेवर भरली जाते का, हे मात्र तपासून घ्यावे.